एका थाऊची गोष्ट

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं आणि यंत्रांशी माझा संबंध सायकलची उतरलेली चेन बसवण्यापुरताच राहिला. तरीही आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका विमानाच्या इंजिनाबद्दल. त्याला कारण माझे अब्बा.

अब्बा परभणीत एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी एक वस्तू असायची. लांबून चाकूसारखी दिसे, पण उघडली की आत पोलादाच्या दहा-बारा पातळ पट्ट्या. पंख्यासारख्या पसरायच्या. तिला म्हणतात फीलर गेज. दोन भागांमधली फट किती आहे, ते या पट्ट्या सरकवून बघायचं. प्रत्येक पट्टीवर आकडा. तो आकडा थाऊचा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपला सुतार सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फिटरचं काम सुतानं भागत नाही, त्याला थाऊ लागतो. तुमच्या-माझ्या डोक्याचा केस साधारण दोन ते चार थाऊ जाड असतो, यावरून अंदाज करा.

मी सातवीत असताना, ऐन हंगामात, अब्बांना टायफॉइड झाला. त्याच आठवड्यात फॅक्टरीतल्या जुन्या ऑइल इंजिनाचं बेअरिंग गेलं. बेअरिंग नवीन होतं, आणलेलं होतं. पण ते बसेना. दुसरा फिटर बोलावला, त्यानं बसवलं, तर इंजिन तासाभरात तापून बंद पडलं. फॅक्टरीच्या फाटकाबाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. तीन दिवस शेतकरी गाड्यांखाली झोपले. चौथ्या दिवशी मालकानं आमच्या घरी रिक्षा पाठवली. अम्मी नको नको म्हणत असताना अब्बा घोंगडी पांघरून गेले. खुर्चीत बसूनच त्यांनी काम करून घेतलं. शाफ्टला निळा रंग लावायचा, बेअरिंगवर फिरवायचा, जिथं रंग उमटेल तिथं उंचवटा आहे असं समजून खरवडायचं, पुन्हा फिरवायचं. संध्याकाळी इंजिन सुरू झालं. शेतकऱ्यांनी अब्बांना हात जोडले. मला तो दिवस ईदसारखा वाटला. आपल्या बापाच्या हातात काय आहे ते सगळ्या गावानं पाहिलं, असं मी शाळेत सांगत फिरलो.

त्या गोष्टीची दुसरी बाजू माझ्या लक्षात यायला पस्तीस वर्षं लागली, आणि ती आणून दिली एका विमानानं.

एका कविसंमेलनासाठी दिल्लीला गेलो होतो. मोकळा वेळ होता म्हणून एका मित्राबरोबर पालमचं वायुसेना संग्रहालय बघायला गेलो. तिथं दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेन विमान उभं आहे. आपल्या वायुसेनेचे वैमानिक १९४४ साली इम्फाळच्या लढाईत अशीच हरिकेन उडवत होते. एक नंबरच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व तेव्हा तरुण अर्जन सिंग यांच्याकडे होतं. पुढे ते वायुसेनेचे मार्शल झाले. मित्र म्हणाला, ‘याच्या नाकात मर्लिन आहे.’ मला वाटलं, मर्लिन म्हणजे गोष्टीतला जादूगार. तो हसला. मर्लिन हे एका छोट्या ससाण्याचं नाव. इंग्लंडची रोल्स-रॉईस कंपनी आपल्या विमानाच्या इंजिनांना शिकारी पक्ष्यांची नावं द्यायची. परत आल्यावर मी या मर्लिनबद्दल मिळेल ते वाचत सुटलो.

मर्लिन इंजिन पहिल्यांदा चालवून पाहिलं गेलं ते ऑक्टोबर १९३३ मध्ये. कंपनीचे एक संस्थापक हेन्री रॉईस त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वारले होते. त्यांना ते चालताना दिसलं नाही. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन रांगा, प्रत्येक रांगेत सहा सिलिंडर, एकूण बारा. सगळ्या सिलिंडरांची मिळून जागा २७ लिटर. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. मिनिटाला तीन हजार फेरे. आता हिशेब करा: सेकंदाला पन्नास फेरे. चार फेऱ्यांचा नव्हे, चार धावांचा हा खेळ असल्यामुळे प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोलचा भडका उडतो. म्हणजे बारा सिलिंडरांत मिळून एका सेकंदात तीनशे भडके. तुम्ही एकदा डोळ्यांची पापणी लवेपर्यंत त्या इंजिनात कितीतरी वेळा जाळ झालेला असतो. आणि हे सगळं जमिनीवर घट्ट रोवलेल्या जोत्यावर नाही, तर उलटसुलट होणाऱ्या विमानात.

त्यात आणखी एक अडचण उंचीची. वीस हजार फुटांवर हवा जमिनीच्या मानानं जवळजवळ निम्मी विरळ असते. हवा निम्मी तर जाळही निम्मा. म्हणून इंजिनाला लोहाराच्या भात्यासारखं एक यंत्र जोडलेलं असे, सुपरचार्जर. हवा ओढायची, दाबायची आणि सिलिंडरमध्ये कोंबायची. या भात्याचं चाक मिनिटाला पंचवीस हजारांहून जास्त फेरे घ्यायचं. अशा वेगानं फिरणारं चाक एका बाजूला किंचित जड झालं, तरी ते स्वतःच्याच जोरानं फुटेल.

हा भाता सुधारण्याचं मोठं काम केलं स्टॅन्ली हूकर यांनी. हे गृहस्थ मुळात गणिती. १९३८ साली रोल्स-रॉईसमध्ये आले. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याला नाव दिलं ‘नॉट मच ऑफ ॲन इंजिनिअर’, म्हणजे मी काही फारसा इंजिनिअर नव्हे. त्यांच्या कामातून आणि इतरांच्या सुधारणांमधून या २७ लिटरच्या इंजिनाची ताकद सुरुवातीच्या सुमारे हजार अश्वशक्तीवरून युद्धाच्या अखेरीस दोन हजारांच्या आसपास गेली. आकार तोच, सिलिंडर तेवढेच. कंपनीची आणखी एक पद्धत होती. तयार इंजिनांपैकी एखादं उचलायचं आणि काहीतरी तुटेपर्यंत पूर्ण जोरात चालवायचं. जे तुटेल ते सुधारायचं, आणि पुन्हा पुढची तुटण्याची वाट बघायची.

हूकर यांच्या याच पुस्तकात तो प्रसंग आहे, ज्यासाठी मी ही सगळी प्रस्तावना केली.

युद्ध पेटलं तेव्हा एकट्या डर्बीच्या कारखान्यातून पुरेशी इंजिनं निघणं शक्य नव्हतं. क्रू आणि ग्लासगोला नवे कारखाने उभे राहिले. शिवाय मोटारी बनवणाऱ्या फोर्ड कंपनीला मँचेस्टरजवळ ट्रॅफर्ड पार्कला मर्लिन बनवायला सांगितलं. रोल्स-रॉईसचे नकाशे फोर्डच्या माणसांकडे गेले. काही दिवसांनी फोर्डचा एक वरिष्ठ इंजिनिअर म्हणाला, या नकाशांवरून आम्हाला इंजिन बनवता येणार नाही. हूकरना वाटलं, साहजिक आहे; रोल्स-रॉईसची मापं फार काटेकोर, मोटारवाल्यांना झेपत नसतील. त्यांनी तसं विचारलं. उत्तर उलटंच आलं. मापं फार सैल आहेत, आम्ही मोटारीसुद्धा याहून काटेकोर बनवतो!

हूकर चकित झाले. मीही झालो. जगातली सर्वांत उत्तम मोटार बनवणारी कंपनी, आणि तिची मापं सैल?

यातलं मर्म मापातल्या सुटीत आहे. कुठलाही भाग अगदी दिलेल्या मापाचाच निघत नाही. म्हणून नकाशात सूट दिलेली असते: इतके थाऊ जास्त किंवा इतके थाऊ कमी चालेल. यालाच टॉलरन्स म्हणतात. समजा, एक भोक आहे आणि त्यात एक दांडी बसवायची आहे. दोघांनाही दोन-दोन थाऊची सूट आहे. भोक सर्वांत लहान निघालं आणि दांडी सर्वांत जाड, तर बसणार नाही. भोक मोठं आणि दांडी बारीक निघाली, तर खडखड वाजेल. रोल्स-रॉईसमध्ये याचा त्रास होत नव्हता, कारण तिथं कसलेले फिटर होते. ते जोड्या जुळवायचे, कानस मारायचे, खरवडायचे, आणि प्रत्येक इंजिन सुरेख बसवायचे. पण त्या इंजिनाचा भाग दुसऱ्या इंजिनाला बसेलच, असं नाही.

हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर घोंगडी पांघरून खुर्चीत बसलेले अब्बा आले. डर्बीत अब्बांसारखी हजारो माणसं होती.

फोर्डची पद्धत वेगळी. त्यांच्याकडे बसवण्याच्या जागी खरवडणारा फिटर नसतोच. एका टोपलीतून कुठलाही भाग उचलायचा, दुसऱ्या टोपलीतून कुठलाही, आणि ते एकमेकांत बसलेच पाहिजेत. त्यासाठी सूट फार कमी ठेवावी लागते. फोर्डच्या माणसांनी सगळे नकाशे नव्यानं काढले. त्यात साधारण वर्ष गेलं. युद्ध चालू असताना एक वर्ष कागदावर घालवायला छाती लागते. पण जून १९४१ पासून ट्रॅफर्ड पार्कची इंजिनं निघू लागली, आणि तो कारखाना बंद होईपर्यंत तीस हजारांहून जास्त इंजिनं निघाली.

ती बनवली कुणी? या कारखान्यात सतरा हजारांवर माणसं होती, त्यात सात हजारांहून जास्त बायका. त्यांच्यातल्या बहुतेकींनी त्याआधी यंत्राला हात लावलेला नव्हता. मग इतकं काटेकोर काम त्यांना जमलं कसं? त्यांच्या हातात गेज होतं. भोक तपासायचं गेज म्हणजे दोन टोकांचा एक ठोकळा. एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. पहिलं गेलं आणि दुसरं अडलं, तर भाग चांगला. वीस वर्षांचा अनुभव लागत नाही. शाळा किती शिकलात, बाप कोण, हे गेज विचारत नाही. आमच्यासारख्यांना त्या गोष्टीचं मोल जरा जास्त कळतं.

आता तुम्ही विचाराल, गेज बरोबर आहे हे कशावरून? त्याला तपासणारं दुसरं अधिक अचूक गेज. आणि त्याला? या साखळीच्या वरच्या टोकाला एक स्वीडिश माणूस आहे, कार्ल एडवर्ड जोहानसन. हा एस्किल्स्टुनाच्या सरकारी बंदूक कारखान्यात तपासनीस होता. बंदुकीच्या प्रत्येक भागाला वेगळं गेज, म्हणजे शेकडो गेज. १८९६ साली त्याला सुचलं, की वेगवेगळ्या जाडीचे पोलादी ठोकळे बनवायचे आणि हवं ते माप ठोकळे एकमेकांवर ठेवून तयार करायचं. जशी वाण्याकडे मोजकीच वजनं असतात, पण त्यांतून तो हवं तेवढं वजन करतो. त्याच्या संचात १०२ ठोकळे होते, आणि त्यांतून वीस हजार मापं बनत. घासकामासाठी त्यानं बायकोचं शिवणयंत्र बदलून घेतलं होतं. हे ठोकळे इतके सपाट, की एकावर एक सरकवून दाबले तर चिकटून बसतात, ओढून सुटत नाहीत. आपल्याकडच्या कारखान्यांत त्यांना स्लिप गेज म्हणतात. या जोहानसनला १९२३ साली हेन्री फोर्डनं अमेरिकेत आपल्याकडे नेलं. मँचेस्टरचा फोर्डचा माणूस रोल्स-रॉईसला ‘तुमची मापं सैल आहेत’ असं म्हणू शकला, त्यामागे ही परंपरा होती.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. उर्दूत तरही मुशायरा असतो. महिनाभर आधी एक ओळ जाहीर करतात. त्या ओळीचं वृत्त, तिचा काफिया, तिचा रदीफ धरून प्रत्येकानं आपापली गझल लिहून आणायची. परभणीचा शायर, नांदेडचा शायर, हैदराबादचा शायर. एकमेकांना ओळखत नाहीत. पण मुशायऱ्यात सगळ्यांच्या गझला एका लयीत लागतात, कारण माप आधीच ठरलेलं असतं. एका मात्रेची गफलत झाली, की श्रोते लगेच मान वर करतात. तिथंही दोन टोकांचं गेज असतंच.

मर्लिनची मापं पुढे अटलांटिक ओलांडून गेली. सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेच्या पॅकार्ड या मोटार कंपनीशी करार झाला. तिथं वेगळाच पेच. इंग्लंडच्या नट-बोल्टचे आटे अमेरिकेत नव्हते. व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरनं १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकन आट्यांचा ६० अंशांचा. आमच्या अब्बांच्या पेटीतले पाने व्हिटवर्थचे होते, आणि नव्या यंत्रांना ते लागत नाहीत म्हणून ते किती चिडायचे, हे मला आठवतं. पॅकार्डला सोपा मार्ग होता: आपले आटे वापरायचे. त्यांनी तो घेतला नाही. ब्रिटिश आटे पाडायची हत्यारं अमेरिकेत कुणी बनवत नव्हतं, म्हणून ती स्वतः बनवली. कारण उघड आहे. आफ्रिकेच्या वाळवंटात किंवा ब्रह्मदेशाच्या जंगलात एखादं विमान बिघडलं, तर तिथल्या मेकॅनिकच्या हातात डर्बीचा पाना असेल की डेट्रॉइटचा, हे कुणी सांगावं? पॅकार्डनं पंचावन्न हजारांहून जास्त मर्लिन बनवली. त्यांतली बरीच अमेरिकेच्या मस्टँग विमानांत गेली. सगळीकडची मिळून मर्लिनची संख्या दीड लाखाच्या घरात जाते.

अचूकपणा म्हणजे दरवेळी मोठा कारखाना आणि मोठा खर्चच, असंही नाही. बिॲट्रिस शिलिंग या बाईंची हकिगत ऐका. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात लढाई चालू होती. स्पिटफायर आणि हरिकेन, दोन्ही विमानांत मर्लिन. पण त्यात एक खोट होती. वैमानिकानं विमानाचं नाक एकदम खाली दाबलं, की इंजिन क्षणभर बंद पडे. जर्मन विमानांच्या इंजिनांत पेट्रोल पंपानं थेट सिलिंडरमध्ये मारलं जाई, त्यांना हा त्रास नव्हता. जर्मन वैमानिक सरळ खाली सूर मारून निसटायचा, आणि त्याच्या मागे लागलेल्या इंग्रज वैमानिकाला आधी विमान उलटं करून मग खाली जावं लागायचं. त्या दोन-तीन सेकंदांत शिकार हातची जायची, किंवा स्वतःचा जीव जायचा.

असं का व्हायचं? आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो. पाणी भरलं की तो वर येतो आणि नळ बंद करतो. मर्लिनच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलसाठी तशीच सोय होती. नाक एकदम खाली गेलं, की झोपाळा वरून खाली येताना आपल्या पोटात जसा गोळा येतो, तसं टाकीतलं पेट्रोल तळ सोडून वर उसळायचं. इंजिनाकडे जाणारी वाट आधी कोरडी पडायची, आणि पुढच्याच क्षणी तरंगत्या गोळ्याचा ताबा सुटून पेट्रोलचा लोंढा यायचा. तो लोंढा इंजिनाला खऱ्या अर्थानं गुदमरवायचा.

बिॲट्रिस शिलिंग फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात इंजिनिअर होत्या. मोटारसायकलच्या शर्यतीत ताशी शंभर मैलांच्या वर गेलेल्या बाई. त्यांनी पितळेचा एक छोटा तुकडा बनवला. मध्ये एक भोक. ते भोक असं मोजून पाडलेलं, की पूर्ण जोरात चालणाऱ्या इंजिनाला जेवढं पेट्रोल लागतं तेवढंच त्यातून जाईल, जास्त नाही. लोंढा थांबला. विमान कारखान्यात न्यायची गरज नाही. तळावरच पेट्रोलच्या नळीत तो तुकडा बसवता येई. १९४१ च्या सुरुवातीला शिलिंगबाई मोटारसायकलवरून तळातळावर गेल्या आणि आपल्या माणसांबरोबर हे तुकडे बसवून आल्या. हा पूर्ण इलाज नव्हता. विमान फार वेळ उलटं ठेवलं तर इंजिन अजूनही अडायचं. नवे कार्बोरेटर पुढे आले. पण तोवर एका मोजक्या भोकानं कित्येकांचे जीव वाचवले असतील.

इथपर्यंत वाचताना मी मर्लिनच्या प्रेमात पडलो होतो. दुसऱ्या महायुद्धात निजामाच्या देणगीमुळे ब्रिटिश वायुदलाच्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव मिळालं होतं, आणि तिची विमानं मर्लिनवाली स्पिटफायर होती, हे कळलं तेव्हा तर हे इंजिन घरचंच वाटू लागलं. आमची परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती.

पण मर्लिन फक्त रक्षण करणाऱ्या विमानांत नव्हतं. लँकेस्टर हे चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान. सात हजारांहून जास्त लँकेस्टर बनली, आणि थोडी सोडली तर सगळ्यांना प्रत्येकी चार मर्लिन. ट्रॅफर्ड पार्कला बनलेली बरीच इंजिनं या लँकेस्टरसाठी गेली.

इथं अचूकपणाची दुसरी गोष्ट सुरू होते. ऑगस्ट १९४१ मध्ये बट नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्यानं रात्रीच्या बॉम्बहल्ल्यांत विमानांतून काढलेली सहाशेहून अधिक छायाचित्रं तपासली. तेव्हा लँकेस्टर यायचं होतं, जुनी विमानं होती. निष्कर्ष असा निघाला, की लक्ष्यावर हल्ला केला असं सांगणाऱ्या विमानांपैकी तिनात एकच विमान लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचलं होतं. पाच मैल! विमानाच्या पोटातला प्रत्येक भाग थाऊत मोजलेला, आणि बॉम्ब पाच मैलांत कुठंही.

फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश बॉम्बर दलाला नवे हुकूम मिळाले: एखादा कारखाना साधत नसेल तर शहरच लक्ष्य धरा. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्ग जळलं. तिथल्या मृतांचा आकडा पस्तीस ते चाळीस हजारांच्या आसपास सांगतात. बायका, म्हातारे, मुलं. आणि वर विमानांत होते तेही विशी-बाविशीतलेच. बॉम्बर दलाची पंचावन्न हजारांहून जास्त माणसं त्या युद्धात गेली. हे युद्ध कुणी सुरू केलं, हे मी विसरलेलो नाही. हिटलर थांबलाच पाहिजे होता. तरीही मला दोन्ही मापं शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही. भाग नीट बसला की नाही, हे गेज सांगतं. तो बसल्यावर विमान कुठं जाणार, ते ठरवायचं काम गेजचं नसतं. ते आपलंच असतं, आणि तिथं सूट किती द्यायची हे नकाशावर लिहिलेलं नसतं.

हे सगळं मी अब्बांना सांगितलं होतं. तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ते गेल्यावर फॅक्टरीतलं जुनं इंजिन दोन हंगामही टिकलं नव्हतं. कुणाला ते बसवता येईना. शेवटी भंगारात गेलं. मला वाटलं, फोर्डची गोष्ट ऐकून अब्बांना वाईट वाटेल. हातातली कला गेजनं काढून घेतली, असंच ते म्हणतील. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘अच्छा किया उन्होंने. फिटर बीमार पडा तो विमान नहीं रुकना.’ थोड्या वेळानं म्हणाले, ‘उस बखत अपना इंजन ऐसा रहता, तो वो गाडीवाले तीन दिन धूप में नहीं बैठते.’

पस्तीस वर्षं मी जो दिवस ईदसारखा मिरवला, तो त्यांच्या मनात असा राहिला होता.

मग मी त्यांना हॅम्बुर्गचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर विचारलं, ‘उन औरतां को मालूम था क्या, उनका इंजन किस विमान में जाता?’ मी म्हटलं, माहीत असणारच. त्यांच्या मँचेस्टरवर १९४० च्या डिसेंबरमध्ये जर्मनांनी दोन रात्री बॉम्ब टाकले होते. त्यांच्यातल्या कितीजणींची घरं गेली असतील. अब्बांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे मला आजही सांगता येत नाही.

अब्बा आता नाहीत. फीलर गेज माझ्या टेबलाच्या खणात आहे. माझा नातू आला, की तेच मागतो. परवा त्यानं सगळ्यांत पातळ पट्टी बोटात धरली आणि विचारलं, यानं काय मोजतात? मी म्हटलं, फट. किती जागा राहिलीय ते. तो ती पट्टी घेऊन घरभर फिरला. दाराच्या फटीत, पुस्तकाच्या पानांत, खुर्चीच्या सांध्यात घालून बघितली. मी त्याला थांबवलं नाही. पट्टी वाकेल तेवढी वाकेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)